कोंबडीचं फळ

अंडं उकडायला काय लागतं? पातेल्यात पाणी घ्या, अंडं सोडा, खाली जाळ लावा, थोडा वेळ दुसरं काम करा. झालं. माझ्या वर्गातल्या पोरी पाचवीत हे करायच्या. पण आमच्या घरात या एवढ्याशा कामाचं जे रामायण झालं, ते आठवलं की आजही माझं डोकं भणभणतं. वय झालं माझं, बीपीची गोळी चालू आहे, तरी कुणी समोर बसून सावकाश अंडं सोलायला लागलं की मला उठून आत जावंसं वाटतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला एका शाळेत शिकवत होते आणि सासरही धुळ्याचंच. माहेर चोपड्याकडचं, केळी-कापसाचं घर. मी आईबापांची एकुलती एक. आबा आणि आई दोघंही माळकरी. आमच्या घरात अंडं येणं तर सोडाच, तो शब्दही उंबऱ्याच्या आत चालायचा नाही. टीव्हीवर अंड्यांची जाहिरात लागली की आबा उठून आवाज बंद करायचे. टीव्ही बंद करायचे नाहीत, कारण पुढे बातम्या असायच्या. नुसता आवाज. मग ती पांढरी पांढरी अंडी पडद्यावर मुक्यानं नाचायची आणि आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बागेत जाताना आईच्या उजव्या पायाच्या बोटात बाभळीचा काटा मोडला. काटा काढला, हळद भरली, चिंधी बांधली. आमच्याकडे काटा मोडणं ही काय सांगायची गोष्ट आहे? पण बोट सुजलं, जखम चिघळली, आणि आई काही बोलेना. ती कधीच काही बोलायची नाही, हा तिचा गुण म्हणून अख्खं गाव सांगायचं. मी दिवाळीला गेले तेव्हा ती टाचेवर चालत होती. मी आरडाओरडा केला, दोघांना एसटीत घातलं आणि जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, यांना शुगर आहे, चांगली वाढलेली आहे, आणि बहुतेक खूप दिवसांपासूनची आहे. गोळ्या दिल्या, ड्रेसिंग कसं करायचं ते दाखवलं, साखर, गूळ, मिठाई बंद केली. मग म्हणाले, "जखम भरून यायला अंगात ताकद पाहिजे. रोज दोन अंडी द्या. जखम भरली नाही तर बोट काढावं लागेल. आणि ते बोटावरच थांबेल असं मी लिहून देणार नाही."

आईनं पदर सारखा केला. आबांनी टोपी काढून परत घातली. एसटी धरणगाव सोडून पुढे गेली तेव्हा आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाय गया तं गया."

अहो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पाय म्हणजे काय चप्पल आहे का, हरवली तर दुसरी घेऊ? मी सगळ्या गाडीसमोर तिला बोल बोल बोलले. कंडक्टर मागं वळून बघायला लागला. आई आपली खिडकीबाहेर. आबा मात्र गप्प गप्प झाले होते, आणि आबा गप्प झाले की त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकल काढून चोपड्याच्या रस्त्यावरच्या एका पोल्ट्रीवर गेले. दुपारी परत आले तेव्हा चेहरा असा उजळलेला, जसा काही निवडणूक जिंकून आलेत. डिक्कीत अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, वरून गमछा झाकलेला. ओट्यावर बसून आईला म्हणाले, "मी बठ्ठं विचारी उनू. तठे कोंबडाच नही. एक बी नही. नुसत्या कोंबड्या. कोंबडाच नही तं जीव कसा ई त्यामा? झाडले फय लागस, तसं कोंबडीले हाई लागस. फयच शे ते."

आमच्या बोलीत सगळं म्हणजे 'बठ्ठं', आहे म्हणजे 'शे', आणि 'ळ' बोलताना 'य' होतो. फळाचं फय, केळीची केयी. तर आबांच्या म्हणण्याप्रमाणे अंडं म्हणजे कोंबडीला लागणारं फळ. मी खो खो हसले. म्हटलं, आबा, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं, केळीत फुकट गेलात. आई काही हसली नाही. ट्रेकडे बघून तिनं फक्त मान हलवली. आम्हाला वाटलं, पटलं.

मग सुरू झाली ती व्यवस्था. बापरे, काय ती व्यवस्था! गोठ्याच्या कडेला, कडब्यापासून जरा लांब, आबांनी वातीचा स्टोव्ह मांडला. एक जर्मनचं पातेलं, एक ताटली, एक पेला, सगळं नवीन आणि सगळं गोठ्यातच राहणार. घरातलं भांडं गोठ्यात जायचं नाही, गोठ्यातलं घरात यायचं नाही. ज्या माणसानं आयुष्यात कधी स्वतःचा चहा केला नव्हता, तो पहाटे उठून घासलेट ओतायचा, गमछा नाकावरून बांधायचा आणि स्टोव्हसमोर उकिडवा बसायचा. उकळी फुटली की पातेल्यात डोकावायचा. शिजलं हे ओळखायचं कसं? बटाटा असता तर काडी टोचली असती. म्हणून आबा ते उकळतच ठेवायचे. पाणी आटलं की पुन्हा घालायचे. अर्धा तास, पाऊण तास! त्या अंड्यांचा पिवळा बलक पार हिरवा-काळा पडायचा आणि गोठ्यात असा वास सुटायचा की म्हैस दावं ताणून उभी राहायची.

"आबा, दहा मिनिटं बास होतात," मी सांगितलं.

"कच्चं ऱ्हायनं तं?"

"कच्चं काय राहतंय? फळ आहे ना?"

यावर ते माझ्याकडे असे बघायचे की मीच काहीतरी अचकट-विचकट बोलले.

सोलणं हा आणखी वेगळा तमाशा. कवचाबरोबर निम्मं अंडं निघून यायचं. उरलेलं आबा ताटलीत कुस्करायचे, त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचा कूट, वर तेलाची धार. वांग्याचं भरीत करतात तसं. भरीत म्हटलं की आमच्याकडे कुठलीही गोष्ट घशाखाली उतरते, असा त्यांचा हिशोब असावा. आई गोणपाटावर बसायची, डोळे मिटून, भाकरीच्या तुकड्यात दडवून दडवून ते गिळायची. मग चूळ. मग आंघोळ. जखमेच्या पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, दिवाळीच्या थंडीत, न्हाणीत. लुगडं बदलायचं, आणि मग कुठे स्वयंपाकघरात पाऊल. ज्या घरात तिनं इतकी वर्षं चूल पेटवली, त्या घरात रोज सकाळी ती बाहेरून आत यायची.

मी आबांना म्हटलं, "तिला ओट्यावर तरी खाऊ द्या. पायात जखम आहे, गोठ्यात शेण-मूत, काय चाललंय काय?"

"घरमा देव शेत," आबा म्हणाले.

मी कपाळावर हात मारला आणि सुट्टी संपली म्हणून धुळ्याला परत आले. पण एक सांगते, काम फत्ते होत होतं. संक्रांतीच्या सुमाराला जळगावच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि खूश झाले. जखमेत लाल लाल मांस भरत होतं. सूज उतरली होती. फक्त शुगर काही खाली यायला तयार नव्हती. गोळ्या वाढवल्या तरी नाही. मी म्हटलं, चार दिवस धुळ्याला या, आमच्याकडे एक मोठे डॉक्टर आहेत शुगरचे, त्यांना दाखवू.

आले. आणि नेमकी त्या दिवशी माझी शाळेत परीक्षेची सुपरव्हिजन! दोघंच रिक्षानं गेले. तिथं आत काय झालं ते मला आबांनीच पुढे सांगितलं, पण खरं सांगायचं तर ते मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की आता मी तिथं होते असंच वाटतं. डॉक्टर घाईत होते. कागद बघितले, जीभ बघितली, विचारलं, "गोड खाता का?"

"काहीच नही. चहा बी बिनसाखरेचा," आबा म्हणाले.

"फळं?"

आबा ताठ बसले. इतक्या दिवसांची मेहनत कुणीतरी विचारली होती. "रोज दोन. एक दिवस चुकाडं नही साहेब. मी सोता देतो."

डॉक्टरांनी पेन टेबलावर आपटलं. "म्हणूनच! म्हणूनच शुगर उतरत नाही यांची. फळं एकदम बंद. आजपासून एकही नाही."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आबा पडक्या चेहऱ्यानं बसले होते. म्हणाले, "डाक्टरनी फय बंद करी टाकात." मी म्हटलं, बरं झालं, खूप बरं झालं, डॉक्टर सांगतात तसं करा, अगदी काटेकोर करा. कारण डॉक्टरांनी फळं म्हटलं म्हणजे फळं, असं मी धरून चालले. पोल्ट्रीवरून आल्यावर आबांनी केलेला तो वकिली युक्तिवाद मी धुळ्याला आल्यावर विसरून गेले होते. अंड्याचं आमच्या घरात तेच रोजचं नाव पडलंय, दोघं नवरा-बायको गोठ्यात एकमेकांना 'फय झालं का', 'फय खाई ले' म्हणतात, हे मला कसं कळणार? आणि जरा विचार करा, जगातला कुठला डॉक्टर ओळखेल की समोरचा म्हातारा फळ म्हणतोय ते अंड्याला?

घरी फोन नव्हता. गावातून कुणी धुळ्याला आलं की निरोप यायचा, पाय बरा शे. दुसरा कुठला निरोप आमच्या घरून कधी येतच नाही. होळीच्या सुट्टीत मी गेले. दारातच वास आला. आई खाटेवर होती, पायावर पांघरूण. पांघरूण काढलं तर ते बोट काळं पडलेलं, शेजारचंही निळसर, आणि पाऊल टम्म फुगलेलं.

"हे काय? आबा, हे काय? ड्रेसिंग करत होतात ना?"

"रोज."

"गोळ्या?"

"रोज. बठ्ठं डाक्टरनी सांगेल तसंच करी ऱ्हायनू. एक फय दिधं नही तिले."

मी खाटेशेजारी बघितलं. स्टुलावर ताटली होती, आणि ताटलीत दुधात कुस्करलेली केळी.

मी ताटली उचलली. आबांच्या नाकासमोर धरली. "मग हे काय आहे?"

आबा माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जशी मी शाळेत शिकवून शिकवून वेडी झाले. "हाई? हाई तं केयी शे."

"केळी म्हणजे फळ!"

"केयी?" आबा म्हणाले. "केयी कसानी फय? केयी तं आपला माल शे."

आता तुम्ही हसाल. हसा. पण मी त्या मातीतली आहे, मला त्याच क्षणी कळलं की हा माणूस खोटं बोलत नाही. आमच्याकडे केळीला फळ म्हणतच नाहीत हो! फळ म्हणजे मोसंबी, सफरचंद, द्राक्षं. विकत आणायचं, आजारी माणसाला भेटायला जाताना कागदाच्या पिशवीतून न्यायचं, ते फळ. केळीचा माल असतो. माल निघतो, माल भरतो, माल ट्रकमध्ये जातो, माल भावात मार खातो. घरात जो मागे उरतो तो सकाळी, दुपारी, रात्री पोटात जातो, त्याला कुणी खाणं म्हणून मोजत नाही. 'गोड बंद' म्हटल्यावर आईनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला होता आणि भाकरीबरोबर केळी चालूच होती. शुगर कशी उतरणार? आणि 'फळं बंद' म्हटल्यावर जे एकच औषध त्या पायाला लागू पडत होतं, ते बंद. वर अशक्तपणा नको म्हणून आबांनी केळी वाढवली होती. वाढवली होती!

मी ओरडले. घरात, देवाच्या खोलीपासून चार पावलांवर उभी राहून ओरडले, "अंडी बंद करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? अंडी! अंडी! फळ म्हणजे अंडं नव्हे!" शेजारची दारं उघडली. उघडू देत. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला होता, आबांचा, त्या घाईतल्या डॉक्टरांचा, पोल्ट्रीवाल्याचा, त्याच्या नसलेल्या कोंबड्याचा, आणि आमच्या त्या बोलीचासुद्धा.

त्याच दिवशी गावातली जीप करून जळगाव. जळगावच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि माझ्याकडे बघितलं. इतकं चांगलं भरत आलं होतं, म्हणाले, झालं काय? मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. कसं सांगणार? दोन बोटं काढावी लागली. काढल्यावर ते म्हणाले, आता पाऊल वाचवायचं आहे. शुगर आम्ही इंजेक्शननं आणू, पण मांस भरायला हवं. पोटात काय जातंय यावर आहे सगळं.

आबा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले ते उठेनात. जेवायला उठेनात, चहाला उठेनात. जो भेटायला येईल त्याला सांगायचे, "मी तोडात तिना बोटं. मन्हाच हातथीन झायं." आणि भेटायला येणारी माणसं काय आणायची? मोसंबी. सफरचंद. द्राक्षं. पिशव्याच्या पिशव्या! एका बाईनं तर केळीची फणी आणली, म्हणाली आपल्या बागेतली आहे, फळं आणायला वेळच झाला नाही. मी ती फणी हातात घेऊन भिंतीवर डोकं आपटायचीच बाकी होते. आत आई छताकडे बघत पडलेली आणि बाहेर आबा सगळ्या जळगाव जिल्ह्याला आपला गुन्हा कबूल करत बसलेले. मी या दोघांच्या मधे ये-जा करत होते आणि दोघांवरही चिडत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मी आईला म्हटलं, "तू तरी सांग आबांना. अन्न सोडून बसलेत. म्हणावं, चूक झाली, न कळत झाली. डॉक्टर फळं म्हणाले, त्यांनी तेच ऐकलं."

आईनं छतावरची नजर खाली आणली. मग म्हणाली, "माले माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"डाक्टर फय म्हणना ते. त्याना मांगे भितडावर चित्र व्हतं. आंबा, चिकू, द्राक्षं, केयी. बठ्ठा वर लाल फुली मारेल. मी दखी ऱ्हायनी व्हती."

भिंतीवरचं चित्र. त्यावर केळी, केळ्यावर लाल फुली. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली, तिला वाचता यायचं आणि चित्र तर कुणालाही कळतं. तिनं बघितलं होतं. आबा 'रोज दोन' म्हणाले तेव्हाच तिला कळलं होतं की घोळ झालाय. आणि ती गप्प बसली. होळीपर्यंत गप्प बसली, बोट काळं पडेपर्यंत गप्प बसली!

"आई!" मी म्हटलं. मग तोंडातून सगळंच निघालं. "अगं वेडी आहेस का तू? पाय सडत होता तुझा! एक शब्द बोलायला काय झालं होतं? एवढं कसलं गं ते अंडं जड झालं तुला? पचत नव्हतं? चव नव्हती? सांगायचं होतं, मी दुसरं काही केलं असतं! बोटं गेली ना तुझी!"

आबा दारात उभे होते. माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आत येऊन ते खाटेच्या पायथ्याशी थांबले. इतके दिवस गुन्हेगार म्हणून बसलेला माणूस, त्याला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काहीच दिसलं नाही. "मंग सांगं का नही?" ते म्हणाले. अगदी हळू आवाजात.

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मी माझ्या आईला आबांकडे असं सरळ बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"फय व्हतं ना ते?" ती म्हणाली. "तुम्हीनच सांगं, फय शे. मंग गोठामा का? फय तं देवपुढे ठेवतस. माले ढोरंसंगे बठाडं. आंग धोवाशिवाय मन्हा घरमा माले येऊ दिधं नही. रोज सकाय मी बाटेल बाईसारखी दारमा उभी ऱ्हाऊ."

शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होती. फळ म्हणायचं आणि विटाळ पाळायचा, हे दोन्ही आमच्या घरात एकाच सकाळी, एकाच गोणपाटावर चाललं होतं, आणि त्यातलं कुठलं खरं हे गिळणारीला बरोबर कळत होतं. मी गोठ्यात उभी राहून पायाला लागणाऱ्या शेणा-मुताची चिंता केली होती. तिला टोचत होतं ते वेगळंच.

तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. पट्टी उचलून बघितली, नर्सला काही सांगितलं, आणि आईला म्हणाले, "आजी, आता हयगय चालणार नाही. अंडी खाणार ना?"

आई आबांकडेच बघत होती. "घरमा शिजाडशात तं खासू," ती म्हणाली. "चूल्हावर. मन्हा भांडामा."

डॉक्टरांना काही कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी आबांकडे बघत होते. त्यांच्या गळ्यात माळ होती, बोटं त्या माळेवर होती, आणि कपाळावर घाम होता. जो माणूस टीव्हीचा आवाज बंद करायचा, त्याच्या चुलीवर अंडं. त्याच्या देवाच्या भिंतीपलीकडे अंडं. मला वाटलं, आता हे डॉक्टरांना काहीतरी विचारतील, दुसरं काही चालेल का, डाळ चालेल का, पनीर चालेल का. पोल्ट्रीवर कोंबडा विचारायला गेलेला माणूस, काहीतरी पळवाट काढेलच. आणि मी मनात ठरवलं होतं, की यांनी आता एक जरी युक्तिवाद केला, तर मी आईला इथूनच धुळ्याला नेईन आणि परत त्या घरात पाठवणार नाही.

"शिजाडसूत," आबा म्हणाले. "चूल्हावर शिजाडसूत."

बोटं काढली तेव्हा आई रडली नव्हती. रोजच्या ड्रेसिंगला, जिथं धडधाकट पुरुष बोंबलतात, तिथं तिनं हूं की चूं केलं नव्हतं. ती आता रडायला लागली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, लहान पोरीसारखी. डॉक्टर म्हणाले, दुखतंय का आजी? ती पदराआडून नाही म्हणाली. आबा पुढे होऊन तिच्या पायाला हात लावायला गेले आणि पट्टी बघून तसेच थांबले. एवढंच हवं होतं या बाईला, स्वतःच्या चुलीवर शिजलेलं, आणि तेवढं तोंडातून निघायला दोन बोटं कापावी लागली. मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की मी तिला घट्ट मिठी मारली आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले.